अर्ध्या किलोची पुडी : वाळूच्या पिशव्यांच्या नोंदी

6 नोव्हेंबर 2024

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचेत पण हे आजच लिहायला घेते, नाहीतर परत राहून जाईल. ऑगस्टमध्ये माझा डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट आला, कमरेच्या मणक्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या मानाने आपलं हाड किती ते सांगणारा आकडा) उणे 1.9. उणे 1 ते उणे 2.5 च्या मध्ये असलं की ऑस्टिओपेनिया म्हणतात म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत, आणि उणे 2.5 किंवा त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. मी 53 ची, पाळी जाऊन चार वर्षं झाली. इस्ट्रोजेन कमी झालं की हाड खाणाऱ्या पेशींचं काम जोरात चालतं आणि बांधणाऱ्या पेशी मागे पडतात, पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत 20 टक्क्यांपर्यंत हाड जाऊ शकतं, हे मला 53 व्या वर्षी कळलं. आईने कधी सांगितलं नाही कारण तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आणि घरात सासूबाई आहेत, 78 च्या. मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं. बाथरूममध्ये घसरून नाही, देवासमोर पाटावरून उठताना तोल गेला. ऑपरेशन नीट झालं, हाड जुळलं, पण उठायची ताकद काही परत आली नाही. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून, पुढे झुलून, एक-दोन-तीन करत उठतात. ते बघताना मला मीच पंचवीस वर्षं पुढची दिसते.

डॉक्टर म्हणाले वजनं उचला. किती ते नाही सांगितलं. एका जिममध्ये तीन महिने गेले, तिथे ट्रेडमिल आणि एक-एक किलोची दोन डंबेल, तिथले म्हणायचे, मॅडम या वयात एवढंच बरं. तीन महिने तीच एक किलो! मी नाशिकच्या सातपूरला बॅगांचं युनिट चालवते, दप्तरं, टूल बॅग, ट्रॅव्हल बॅग, रोज कॅनव्हासचे तागे इकडचे तिकडे करते, भाजीची पिशवी पाच किलोची असते, आणि व्यायामाला एक किलो.

तर ठरवलंय. वजनं मीच शिवणार. सोसायटीतल्या सहा जणी तयार आहेत. फिजिओ ताई सी-विंगला राहतात, त्या आठवड्यातून एकदा येऊन बघणार म्हणाल्यात, त्यांच्याशिवाय मी हे सुरू केलंच नसतं.

8 नोव्हेंबर

पिशवी नंबर एक. जाड कॅनव्हास, आत ताडपत्रीची थैली, त्यात वाळू. लोखंडाच्या प्लेटा महाग आणि खाली ठेवताना आवाज, खालच्या मजल्यावरचे लगेच वर येतील. वाळूची पिशवी ठेवली की नुसती धप्प, अंगाजवळ धरता येते, पायावर आली तरी लोखंडासारखी लागत नाही.

अंदाज: एक लिटरच्या बाटलीत कोरडी वाळू साधारण दीड किलोच्या वर बसते. काटा म्हणजे बॅग मोजायचा हुकाचा डिजिटल काटा, युनिटमध्ये होताच.

वाळू क्रश सँड मिळाली, म्हणजे दगड फोडून केलेली, बांधकामाच्या साइटवरून दोन घमेली मागून आणली. दोन दिवस गच्चीत पसरून वाळवणार. ओली भरली तर वजन रोज बदलणार आणि वास पण धरणार.

11 नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. सोसायटीचा हॉल, दुपारी सव्वातीन. ही वेळ मुद्दाम घेतली, जेवणं-भांडी झालेली असतात आणि शाळेच्या रिक्षा यायला अवकाश असतो. सात जणी, 47 पासून 66 पर्यंत. सासूबाई बघायला म्हणून आल्या आणि खुर्ची अडवून बसल्या.

वजन कुणालाच दिलं नाही. फिजिओ ताईंनी उठबसची टेस्ट घेतली, हात छातीवर फुलीसारखे बांधायचे, 30 सेकंदात खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. 60 ते 64 च्या बाईला 12 च्या खाली आलं तर ताकद कमी समजतात, 70 ते 79 ला 10 च्या खाली. आमचे आकडे: मी 13, बँकेतल्या ताई 15, शाळेतल्या बाई 12, बी-विंगच्या मावशी (66) 8, बाकीच्या 11 ते 14. मावशी म्हणाल्या अगं मी तर दिवसभर उभीच असते की. खरंय, पण दिवसभर उभं राहणं वेगळं आणि खालून उठणं वेगळं.

सासूबाईंना पण विचारलं. हात लावला की शून्य धरायचं असा टेस्टचा नियम आहे. शून्य लिहिलं. मला लिहवत नव्हतं, त्याच म्हणाल्या, लिही गं, खरं ते लिही.

14 नोव्हेंबर

आज फिजिओ ताईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं ते इथे लिहून ठेवते, नंतर कुणी नवीन आली तर उपयोगी पडेल. बीपी ताब्यात नसेल, हर्निया असेल, डायबेटिसने डोळ्याच्या पडद्याला त्रास असेल, नुकतं फ्रॅक्चर झालं असेल तर आधी डॉक्टर, मग पिशवी. हाडं विरळ असणाऱ्यांनी पाठ गोल करून, वाकून वजन उचलायचं नाही, मणक्याचा पुढचा भाग दबतो. कमरेतून मागे जायचं, बूड मागे, पाठ सरळ, जसं हातात धुण्याची बादली असताना ढुंगणाने दार लोटतो तसं. हे उदाहरण दिल्यावर सगळ्यांना एका फटक्यात जमलं, तोपर्यंत दहा मिनिटं हिंज हिंज (बिजागरीसारखं कमरेतून वळणं) करून कुणाला कळत नव्हतं.

श्वास कोंडायचा नाही. उचलताना सोडायचा.

आणि वजन किती? तर दहा वेळा उचलल्यावर असं वाटलं पाहिजे की अजून दोन होतील, फार तर तीन. अजून वीस होतील वाटलं तर ते वजन तुमच्यासाठी नाही. हे वाक्य मी तीन महिने जिममध्ये शोधत होते.

आठवड्यातून दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितलंय ते हेच, मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, आणि 65 च्या पुढे तोल आणि ताकदीचं काम तीन दिवस. मावशींसाठी तिसरा दिवस घरी, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं.

21 नोव्हेंबर

पिशवी फाटली. बँकेतल्या ताईंच्या हातात होती, 10 किलो, उचलताना पट्टी एका बाजूने सुटली आणि अर्धी वाळू हॉलच्या फरशीवर. कुणाला लागलं नाही, पायापासून वीतभर लांब पडली. पण माझे हातपाय गार झाले, कारण ती मी शिवलेली होती.

घरी येऊन उलगडून बघितली. दोन चुका. एक, पट्टी फक्त दोन्ही बाजूंना शिवली होती, म्हणजे सगळा भार टाक्यावर. दुसरी, पक्कं व्हावं म्हणून टाका फार बारीक घेतला, चार-चार रांगा मारल्या, आणि त्याने उलट कापडाला पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकं पडली, बरोबर त्याच रेषेत फाटलं. तीस वर्षं बॅगा शिवतेय आणि हे विसरले. दप्तराला चालून जातं कारण दप्तर हिसका देऊन कुणी उचलत नाही.

आणखी एक गोष्ट आत दिसली, क्रश सँडच्या कणांना धार असते, ताडपत्री आतून पांढरी खरवडली गेलेली. नदीच्या वाळूचे कण गोल असतात, त्याने असं होत नाही. पण नदीची वाळू कुठून आणायची आणि का आणायची, गोदावरीतून उपसलेली मला नकोच. आत जुन्या सुती चादरीचं अस्तर दोन पदरी लावणार.

25 नोव्हेंबर

नवी रचना. पट्टी पिशवीच्या बुडाखालून पूर्ण वळवून आणली, झोळीसारखी, म्हणजे भार पट्टीवर आणि टाका फक्त ती सरकू नये म्हणून. चौकोन मारून आत फुली, टाका मोठा, नायलॉनचा दोरा, 18 नंबरची सुई. 25 किलो भरून युनिटच्या हुकाला रात्रभर टांगली, सकाळी जशीच्या तशी. मग मी स्वतः धरून वीस हिसके दिले.

यापुढे कुठलीही पिशवी दुप्पट वजनाला टांगल्याशिवाय हॉलमध्ये जाणार नाही.

5 डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार! माझ्या डोक्यातच आलं नाही. सात जणींपैकी सहा जणींचा उपास, घरी घट मांडायचा, आरती, संध्याकाळी हळदीकुंकू, हॉलमध्ये मी आणि सासूबाई दोघीच. चार गुरुवार असेच जाणार म्हणजे महिना गेला. त्यामुळे आजपासून सोमवार-शुक्रवार. मध्ये दोन दिवस तरी विश्रांती पाहिजे ती पण मिळते.

सासूबाई रिकाम्या हॉलमध्ये म्हणाल्या, मला पण शिकव, आता कोणी बघत नाहीये. खुर्चीवर दोन उशा टाकल्या, बैठक उंच केली. उंच बैठकीवरून हात न लावता उठल्या. एकदा. मग दोनदा. उशीची उंची हेच त्यांचं वजन, आठवड्या-दोन आठवड्यांनी उशी थोडी पातळ करत जायची असं फिजिओ ताईंशी फोनवर बोलून ठरवलं.

16 डिसेंबर

खाण्याचं बोलणं झालं. वय वाढतं तसं स्नायूंना प्रोटीन जास्त लागतं, किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला 60 ते 72 ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. शाळेतल्या बाईंनी फळ्यावर मांडतात तसं कालचं जेवण मांडलं: दोन पोळ्या, भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी, दोन चहा, संध्याकाळी चिवडा, रात्री मुगाची खिचडी. ओढूनताणून 35 ग्रॅम. आणि उपासाच्या दिवशी साबुदाणा, ज्यात प्रोटीन नावालाच, जे काही मिळतं ते शेंगदाण्याच्या कुटातून आणि ताकातून.

पावडर वगैरे कुणी आणायची नाही असं माझं मत नाही, पण आधी घरातलं. वरण घट्ट करा, उसळ रोज एक वाटी, मटकी आपल्याकडे मिसळीला लागतेच, दूध-दही, खाणाऱ्यांनी अंडी, एका अंड्यात 6 ग्रॅम. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उसळीचं पातेलं. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर बाईच्या ताटात नुसता रस्सा उरतो. मावशी म्हणाल्या पन्नास वर्षं झाली गं, मला तळाचीच सवय. त्यांना सांगितलं मावशी आजपासून आधी तुमची वाटी भरून बाजूला ठेवायची, मग पंगत. त्या काही बोलल्या नाहीत पण पदराने चष्मा पुसत बसल्या.

27 डिसेंबर

बँकेतल्या ताईंची कंबर धरली. चूक माझी आहे. त्यांचं 10 किलो छान चाललं होतं, सगळ्यात लहान थैली 5 ची म्हणून सरळ 15 वर गेलो. दहाचं पंधरा म्हणजे दीडपट! पाचवा रेप घेताना, म्हणजे पाचव्यांदा उचलताना, पाठ गोल झाली, मला दिसलं, मी थांबा म्हणेपर्यंत त्यांनी सहावा घेतला. फिजिओ ताई रात्री जाऊन बघून आल्या, नस वगैरे काही नाही, स्नायू आखडलाय, चालत राहा, दहा दिवस वजन नको.

रात्रभर झोप नाही. वजन वाढलंच पाहिजे हे मी सगळ्यांना घसा फोडून सांगते. घरकाम होतं की, व्यायाम कशाला, असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते की बादली तीस वर्षं तेवढीच आहे, कणकेचा गोळा तेवढाच आहे, अंगाला त्याची सवय झालीय, आणि इकडे तिशीनंतर दर दहा वर्षांनी 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात. काम तेवढंच आणि अंग कमी, म्हणून साठीला तीच बादली जड होते. हे सगळं बरोबर. पण वाढवायचं म्हणजे किती, ते माझ्या पिशवीतच नव्हतं. माझी सगळ्यात लहान थैली 5 किलोची.

30 डिसेंबर

अर्ध्या किलोच्या पुड्या. उरलेल्या अस्तराचे तुकडे, चार बोटं रुंद, वीतभर लांब, तीन बाजू शिवून चौथीकडून वाळू, काट्यावर 500 ग्रॅम, मग तोंड बंद. रविवारी दुपारी बसून 40 शिवल्या, सासूबाईंनी नरसाळं धरलं. पिशवीला आत कप्पा केला आणि वर चेन, पुड्या त्यात घट्ट बसतात, हलत नाहीत.

नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला: तीनही सेट (दहा वेळा उचललं की एक सेट) दहा-दहा नीट झाले, असं लागोपाठ दोन वेळा झालं, तरच पुढे. खालून उचलायच्या पिशवीला दोन पुड्या, डोक्यावर ढकलायच्या पिशवीला एकच. खांदा लहान आहे, त्याला अर्धा किलो पण खूप असतो.

13 जानेवारी 2025

भोगी. तिळाची भाकरी आणि भोगीची भाजी प्रत्येकीने थोडी थोडी आणली. तिळात कॅल्शियम भरपूर, नाचणीत पण, हे संक्रांतीपुरतं नको एवढंच.

गारठा आहे, निफाडचा पारा रोज पेपरात. वॉर्मअप दहा मिनिटं केला, हातपाय मोकळे झाल्याशिवाय पिशवीला हात नाही.

बँकेतल्या ताई परत आल्या. 8 किलोपासून सुरुवात. त्या म्हणाल्या मला वाटलं तू मला आता घेणारच नाहीस. मी म्हटलं ताई पिशवी बदलली, तुम्ही नाही.

3 फेब्रुवारी

कमिटीकडून निरोप, हॉलच्या फरशीवर ओरखडे येतात. बघितले तर आमचे नव्हते पण वाद नको, जुन्या सतरंज्या टाकल्या. पुढे.

शाळेतल्या बाईंना शंका आली की दंड जाड होतील, ब्लाउज बदलावे लागतील. बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी, त्यामुळे असे दंड सहज होत नाहीत. पहिल्या दीड-दोन महिन्यांत जी ताकद वाढते ती बरीचशी मज्जातंतूंची शिकवण असते, स्नायू तेवढाच पण मेंदू त्याला जास्त कामाला लावायला शिकतो. मांस नंतर सावकाश. आणि दंड भरले तर ब्लाउजची शिलाई मी मोफत उसवून देईन, असं सांगितलं.

मनमाडच्या मुली वेटलिफ्टिंगमध्ये नाव काढतायत, आपल्याच जिल्ह्यातल्या. कर्णम मल्लेश्वरीने 2000 मध्ये सिडनीला 240 किलो उचलून ऑलिंपिकचं कांस्य आणलं, भारतीय बाईचं पहिलं ऑलिंपिक मेडल हे वजन उचलण्याचं आहे. तेव्हा मी 29 ची होते, युनिटमध्ये रेडिओवर ऐकलं होतं, आणि ते माझ्यासाठी पण आहे असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

21 फेब्रुवारी

फिजिओ ताईंनी आज दोन अभ्यासांबद्दल सांगितलं, दोन्ही मनात घोळतायत.

एक 1990 चा, अमेरिकेत बोस्टनचा. वृद्धाश्रमातली साधारण नव्वदीची दहा माणसं, अशक्त, आठ आठवडे पायाने जड वजन उचलायचा व्यायाम दिला. नऊ जणांनी पूर्ण केला आणि पायाची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मी सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मग मी तर अजून लहान आहे.

दुसरा ऑस्ट्रेलियातला, 2018 मध्ये आलेला. 58 च्या पुढच्या, पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 बायका. आठ महिने, आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा तास, पण वजन खरंच जड, पाच-पाच रेप्सचे पाच सेट, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठबस), डोक्यावर ढकलणं आणि वरून खाली उतरताना पाय आपटणं. सगळं देखरेखीखाली. ज्यांनी केलं त्यांच्या कमरेच्या मणक्याची घनता 2.9 टक्के वाढली, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली. हलक्या वजनाने हाडाला निरोप फारसा पोचत नाही.

पण हे वाचून उद्या कुणी 30 किलो उचलायला जाऊ नये. आम्ही अजून उड्या घेत नाही, आणि तेवढ्या वजनाच्या जवळपास पण नाही. आणि माझं हाड वाढलं असंही मी कुठे लिहिणार नाही, हाड सावकाश बदलतं, डेक्सा परत करायला निदान वर्ष जाऊ द्यावं लागतं. तोपर्यंत माझ्याकडे पिशवीचा आकडा आहे तेवढाच खरा.

10 मार्च

मावशींच्या घरी सिलेंडर संपला. भरलेला सिलेंडर म्हणजे 14.2 किलो गॅस आणि वर टाकीचं 15-16 किलो, जवळपास 30. त्यांनी उचलला नाही, उचलू पण नये, पण कडेवर तिरका करून ओट्याखाली स्वतः फिरवत नेला, सून घरी यायच्या आत. आधी वॉचमनला हाक मारायच्या. आज हॉलमध्ये येऊन पहिल्यांदा हेच सांगितलं, चप्पल काढायच्या आधी.

21 मार्च

परवा रंगपंचमी झाली. सगळ्यांचे केस अजून गुलाबी. एक सेट कमी केला, कुणाच्या अंगात नव्हतं.

24 मार्च

आज परत उठबस टेस्ट, साडेचार महिन्यांनी. मी 18, ताई 19, बाई 16, मावशी 13. आठवरून तेरा. वहीतले पिशवीचे आकडे: खालून उचलण्यात मी 24 किलो, ताई 21.5, मावशी 15. डोक्यावर मी 8.5, मावशी 4, आणि हे अर्धे आकडे बघून मला फार बरं वाटतं कारण त्यातला प्रत्येक अर्धा एकेक पुडी आहे.

शेवटी सासूबाई. साधी खुर्ची, उशी नाही. मी मागे, फिजिओ ताई बाजूला. सासूबाईंनी हात छातीवर बांधले. पहिल्यांदा उठताना गुडघे थरथरले आणि मला वाटलं नाही होणार, बूड दोन बोटं वर आलं आणि तिथेच अडकलं, मग पाय थोडे मागे ओढले, पुढे झुकल्या, आणि उठल्या. 30 सेकंदात चार. त्यांच्या वयाला दहा लागतात, चार काही पुरेसे नाहीत, हे त्यांना माहितीय. वहीत शून्याखाली चार लिहिलं. त्यांनी चष्मा लावून आकडा बघितला आणि म्हणाल्या, आता पुढच्या वेळी माझ्या पण हातात एक पुडी दे.

कॅनव्हास संपत आलाय. उद्या बाजारात, रविवार कारंजा भागात जाऊन दोन मीटर आणते, यावेळी पट्टी दोन इंची, कारण 30 किलोची पिशवी 60 ला टांगावी लागेल. ए-विंगच्या तीन जणी सोमवारपासून येतो म्हणाल्यात, त्यांच्यासाठी आधी बीपी बघायचं, मग खुर्ची. पुड्या अजून 20.